डोळे पुसण्याचा जोर

कापसाचे भाव पडलेल्या त्या हंगामात गोविंदाचा आकडा माझ्या दंडात शिरला. वणीकडच्या एका जिनिंगमध्ये आम्ही जोडीने कापसाच्या दाबलेल्या गाठी ट्रकवर चढवायचो. गाठ पावणेदोन क्विंटलची. दोघांचे लोखंडी आकडे एकदमच तिच्या कापडात बसावे लागतात. डोळ्यांतल्या पाण्यामुळे गोविंदाला गाठ नीट दिसली नाही. ओढली मात्र त्याने पूर्ण ताकदीने.

गोविंदा मूळचा बोरी अरबचा. वय बावन्न. अर्ध्या जोराने काम करणे त्याला ठाऊक नव्हते. तीन वर्षे डोळे गळत होते. ‘रडक्या’ म्हणणाऱ्या दोघांना त्याने लोळवले. एकाची हनुवटी फुटली.

मुकादम नीळकंठ म्हणाला, “डोळा नीट करून ये, नाही तं आकडा ठेव. माणसं फाडाले नाही ठेवलं तुले.”

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, “डोळे पुसता कसे?” गोविंदाने खांद्यावरचा दुपट्टा ओढून पुसून दाखवले. बाई ओरडल्या, “अहो काका, डोळा आहे तो! घंगाळ नाही!”

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पातळ पडदा असतो. गोविंदाचा ढिला होऊन खालच्या पापणीवर चुण्या पडल्या होत्या. पाणी नाकात उतरायची वाट त्या चुण्यांनी अडवली होती. रगडून पडदा आणखी सैल झाला होता. जादा पडदा कापून टाके घालायचे ठरले. उजवा डोळा जास्त खराब, आधी तोच.

सुई देऊन डोळा बधिर केला, पण गोविंदा जागा होता. बाहेर आला तेव्हा खालचा ओठ दातांनी फाटलेला.

पंधरा दिवस डोळ्याला हात नाही, महिनाभर ओझे नाही, असे बाईंनी बजावले. दुसऱ्याच दिवशी त्याचा हात डोळ्याकडे गेला. माझाही दंड बांधलेला, कामावर जाता येत नव्हते; मी दिवसभर त्याच्याच घरी बसायचो. त्याने तुरीची काठी माझ्या डाव्या हातात दिली. “हात वर गेला का हाण. हळू हाणशील तं जोडी तुटली समज.”

मी हळू मारले नाही. पहिल्या दिवशी अकरा वेळा. बोटे सुजली.

त्याची बायको शकुबाई वैतागली. “डोळा वाचवाले हात मोडून राह्यले! आता गाठ का पापणीनं उचलान?”

सातव्या दिवशी टाके फार खुपत होते. मी हाणले तशी त्याने काठी हिसकली आणि माझ्या तोंडावर मारली. समोरचा दात पडला. त्याचा हात डोळ्यापाशी गेला. मग खाली आला. त्याने काठी मला परत दिली.

“मार,” म्हणाला.

मी मारले.

महिन्याने आम्ही जिनिंगवर गेलो. उजवा डोळा कोरडा होता. डाव्याचे ऑपरेशन अजून व्हायचे होते.

नीळकंठने टोळीला विचारले, “याच्यासमोर कोण उभा राह्यते?”

कुणी हलले नाही. माझ्या दंडावरची खपली अजून पडली नव्हती. मी गाठीपलीकडे जाऊन माझा आकडा धरून वाकलो. गोविंदाने आकडा उगारला आणि पूर्ण जोराने हाणला. माझ्या मनगटापासून चार बोटांवर तो कापडात बसला.

नीळकंठने वाकून आकडा आणि माझे मनगट यांमधले अंतर बोटांनी मोजले.

“चढवा,” म्हणाला.