फुग्याला गाठ

आमचे हे शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस होते. काम काय, तर काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर रंगाने नावं लिहायची, आणि वर्षातून एकदा दहावीच्या वर्गात विश्व फुगवायचं. थट्टा नाही करत. तोंडाने फुगवायचे. म्हणून सगळी शाळा यांना फुगेमामा म्हणते. मी जन्मात एक फुगा फुगवला नाही, तरी मी फुगेमामी.

फुगा मोठा, काळा. त्यावर पांढरे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचा घोळका. फुगा फुगला की ठिपके एकमेकांपासून लांब जातात. विश्वही असंच पसरत चाललंय, असं जुने गुरुजी शिकवायचे. आधी हे ठिपके रंगाने काढत. पण फुग्याबरोबर ठिपकाही ताणून मोठा व्हायचा. गुरुजी म्हणाले, हे चुकतंय, दीर्घिकेतले तारे एकमेकांना धरून असतात, ती स्वतः ताणली जात नाही. मग यांनी डोकं लढवलं. कागदाला भोकं पाडायच्या यंत्रातून ज्या गोल चकत्या पडतात, त्या एक थेंब गोंद लावून चिकटवायला लागले. आदल्या दिवशी घरभर चकत्या. मी लोकांचे कपडे इस्त्री करून देते. कोणाच्या तरी पाठीवर एखादी दीर्घिका जायचीच. मग बोलणी मला!

फुगा पुरता फुगला की गुरुजी म्हणायचे, "कोणी सांगावं, एक दिवस हे सगळं परतही फिरेल." की हे बोट सैल करायचे, आणि हळूहळू हवा सोडायचे. चकत्या सरकत सरकत जवळ यायच्या. यांना तेवढाच भाग आवडायचा.

नऊ वर्षांपूर्वी आमचा मुलगा घरातून गेला. एकुलता एक, एकोणीस वर्षांचा. वाद कशावरून सुरू झाला तेही आता धड आठवत नाही. बोलता बोलता तो म्हणाला, "तुमच्यासारखे जन्मभर फुगे नाही फुगवायचे मला." हे म्हणाले, "मग या घरात राहू नकोस." दोघंही एकाच माळेचे मणी! तो खरंच गेला. एक पत्र आलं, खुशाल आहे म्हणून. वर पत्ता नाही. हे म्हणतात, तो गेला. त्याला विचारलं तर म्हणेल, यांनी घालवलं. मला विचारलं कोणी?

तेव्हापासून यांचं एकच. "येईल गं. हवा सोडली की चकत्या येतात की नाही परत?"

"कसलं डोंबलाचं परत!" मी म्हणायची. "इतक्या वर्षांत ज्याला आईची आठवण झाली नाही, तो काय येतोय. सोडा आता."

यंदा यांची निवृत्ती आली. शाळेमागची आमची खोली शाळेची, महिनाअखेर रिकामी करायची होती. माझ्या बहिणीने तिच्या गावात खोली बघून ठेवली. पण हे हलेनात. "आपण गेलो आणि तो आला तर? त्याला हाच पत्ता माहीत आहे." मुख्याध्यापकांना अर्ज दिला, ते नाही म्हणाले. दुसरा दिला, पुन्हा नाही. नवीन मदतनीस बायकोमुलांसह यायचा होता, त्याला तीच खोली. तरी यांनी एक पातेलं बांधू दिलं नाही. मला रोज धास्ती, पंचवीस वर्षं मानाने राहिलो त्या दारातून आता सामानासकट बाहेर काढतील. ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटच्या आठवड्यात फुग्याचा तास आला. गुरुजींच्या जागी यंदा नव्या बाई. त्यांनी मलाही बोलावलं, "मामी, मामांचा शेवटचा तास आहे, तुम्हीही या." मी मागच्या बाकावर बसले. यांची छाती आता पूर्वीसारखी नाही. तीनदा थांबले, खोकले. पुढची एक मुलगी म्हणाली, "मामा, मी फुगवू?" यांनी मानेनेच नको म्हटलं. अखेर फुगला. हे बोट सैल करणार तोच बाई म्हणाल्या, "मामा, हवा सोडू नका. गाठ मारा."

यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पूर्वी तसं वाटायचं," बाई वर्गाला सांगायला लागल्या. "पण मोजून पाहिलं तर विश्व पसरायचा वेग उलट वाढतोच आहे. ते परत फिरेल असं दिसत नाही."

एकतीस वर्षांत हे वर्गात एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "बाई, कधीच नाही?"

"आज जेवढं कळलंय त्यावरून तरी नाही, मामा." मग त्या म्हणाल्या, "फार फार पुढे लांबच्या दीर्घिका इतक्या लांब जातील, की त्यांचा उजेडही इथे पोचणार नाही. तारेही एकेक करून विझत जातील. तेव्हा इथे कोणी असलंच, तर त्यांना वाटेल आपण पहिल्यापासून एकटेच."

मघाची मुलगी म्हणाली, "मग बाकीचे होते, हे त्यांना कळणारच नाही?"

"कोणी आधी लिहून ठेवलं असेल, आणि ते टिकलं असेल, तर कळेल."

हे फुगा धरून उभेच. मग गाठ मारली. पहिली सुटली. दुसऱ्यांदा मारली.

घरी आले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. बाटल्यांवर लिहायचा रंग काढला, बारीक ब्रश घेतला, आणि दारावर बहिणीच्या गावचा पत्ता लिहिला. बाटलीवर लिहायचे तसा, सरळ, ठसठशीत.

मी म्हटलं, "अहो, येणारे लोक त्याच्यावर रंग फासतील."

"फासू देत," म्हणाले, आणि माळ्यावरून ट्रंक खाली काढली.

मला हायसं वाटायला हवं होतं. मी पातेली बांधायला घेतली आणि मधेच खाली बसून रडले. नऊ वर्षं मीच म्हणत होते, तो येत नाही. मी म्हणायचं आणि यांनी नाही म्हणायचं, त्यावर माझं चाललं होतं. यांनी ट्रंक काढली तशी माझीच कंबर खचली.

निघायच्या दिवशी नव्या मदतनिसाची बायको किल्ली घ्यायला आली. लहानशीच होती, कडेवर मूल. दाराकडे बघून म्हणाली, "काका, हे पुसलं तर चालेल ना?"

"पुसा," हे म्हणाले. "आधी कुठेतरी उतरवून घ्या, म्हणजे झालं."

"का? कोण येणार आहे?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणी नाही, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"आमचा मुलगा," मी म्हटलं. "उंच आहे. डाव्या भुवईत खोकेची खूण आहे. आला तर आधी जेवायला घाल गं त्याला. पत्ता मग दे."