आईच्या नाकातले जंतू

क्रांती चौकात हैदराबादची बस लागली तेव्हा आईने माझ्या पिशवीत साबणाच्या चार वड्या कोंबल्या. ती पाचोडच्या एका दवाखान्यात आया होती. फरशी पुसायची, चादरी उकळायची. जंतू हा तिचा जन्माचा वैरी. "हात धूत जा," एवढंच म्हणाली. मीही रडले नाही. खिडकीची जागा मिळाली होती.

आज मी त्याच जंतूंना खाऊपिऊ घालून पगार घेते. आमच्या लॅबमध्ये माणसाच्या नाकातोंडातले जिवाणू वाढवतात आणि त्यातला कोणता विषाणूला अडवणारं रसायन बनवतो ते तपासतात. गावात राहिलेल्यांना आई सांगायची, पोरगी औषधाच्या कंपनीत आहे. माझं खरं काम सांगायची तिला लाज वाटे, आणि ते मला लागायचं.

म्हणून वयस्कांचे नमुने हवे होते तेव्हा मी तिला हैदराबादला बोलावलं. तिने संमतीच्या कागदावर सही केली, लॅबमधल्या एका सहकारी मुलीने नाकात काडी फिरवली. चार दिवस झाले तरी काचेच्या बशीत काहीच उगवेना. चौकशी केली तर कळलं, येण्याआधी आईने मिठाच्या पाण्याने नाक धुऊन वर जंतुनाशकाचा बोळा फिरवला होता.

"तुझ्या साहेबापुढं घाण नाक घिऊन यायचं व्हय?"

मी तिला माझ्या नाकातल्या जिवाणूंची बशी दाखवली. पिवळे, पांढरे ठिपके. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे तुझ्यात कुठनं आले?"

"काही तुझ्याकडूनच आले असतील. लहानपणी माझं नाक तूच पदराने पुसायचीस."

नंतरचे पंधरा दिवस तिने नाकाला बोळा लावला नाही. तिच्या दृष्टीने हा कडक उपासच. मग स्वतःहून खुर्चीत बसली, मान मागे टाकली आणि म्हणाली, "घे."

या वेळी बशी भरून उगवली. त्यातल्या एका जिवाणूचा अर्क प्रयोगासाठी वाढवलेल्या ज्या पेशींमध्ये घातला, त्यांच्यात विषाणू फारसा पसरला नाही. औषध व्हायला वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. पण सुरुवात चांगली आहे, आणि मला माझं काम येतं.

घर कुठं म्हणून कुणी विचारलं तर मी अजून पाचोडच सांगते. त्यातलं थोडं आता लॅबच्या फ्रीजरमध्ये, उणे ऐंशी अंशांवर आहे. डबीवर नाव नाही, नुसता क्रमांक. तो मला पाठ आहे.

आई आता फोनवर आधी त्या जंतूंचीच खुशाली विचारते. परवा म्हणाली, "जपून ठिव त्यांना. परक्या गावात हैत."