कुंकवात कालवलेले तेल

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, पत्नीलाही नाही. परंतु गेल्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका लग्नात अंबडच्या आमच्या कारखान्यातली जुनी माणसे भेटली आणि तिथेच आलेल्या रघुनाथच्या भाजलेल्या हाताची गोष्ट निघाली. प्रत्येकाची निराळी, आणि प्रत्येकाची चुकीची. चुकीचे ऐकून गप्प राहणे माझ्या स्वभावात नाही. तरीही मी मान खाली घालून जिलेबी खात राहिलो. का?

आमच्याकडे ऑक्सिजनचे सिलिंडर भरले जात आणि त्या विभागाचा प्रमुख मी होतो. एक जण म्हणाला, सिलिंडर फुटला. साफ खोटे! फुटला असता तर सांगायला रघुनाथ उरला नसता. दुसरा म्हणाला, ऑक्सिजन पेटला. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, तो दुसऱ्याला पेटवतो. हे मी त्यालाच किती वेळा शिकवले होते! तिसऱ्याच्या मते रघुनाथने व्हॉल्व्ह झटक्याने उघडला. मी समोर उभा होतो. त्याने तो नेहमीसारखाच सावकाश, तोंड बाजूला वळवून उघडला. भडका उडाला तेव्हा त्याने आधी जळत्या हाताने मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, आणि मगच तो ओरडला.

चौथा मात्र रंगात आला. "अहो, हा डोक्याला एवढं तेल चोपडायचा, की टोपी पिळली असती तर भजी तळून झाली असती!"

सारे हसले. रघुनाथही हसला. वाकडी बोटे पुढे करून, माझ्याकडे बघत म्हणाला, "खरंय बाबा. माझ्याच डोक्यानं माझा हात खाल्ला. अण्णांनी तेव्हाच ओळखलं होतं."

ओळखले होते. अगदी तेव्हाच.

अपघाताच्या आदल्या दिवशी दसरा होता. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, तशी आम्ही भरायच्या सिलिंडरांचीही करत असू. गंध लावायचा मान माझा. मी नेहमी कुंकू पाण्यात कालवत असे, आणि पाण्यातच का, हेही सर्वांना ऐकवत असे: तेलाचे बोट व्हॉल्व्हला लागता कामा नये. त्या वर्षी पितळेच्या गुळगुळीत व्हॉल्व्हवर गंध ठरेना, ओघळू लागले. मागे माणसे हात जोडून उभी होती. मी समईत बोट बुडवले, कुंकू त्या तेलात कालवले आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर ठसठशीत टिळा लावला. छान दिसला.

दुसऱ्या दिवशी पुसायचे ठरवले होते — की ठरवलेच नव्हते? हे मला आजही आठवत नाही, आणि आठवून पाहण्याचा मी फार प्रयत्न केला आहे. तोच सिलिंडर रघुनाथने भरायला जोडला. समईतले तेल वातीवाचून जळत नाही. मग दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये त्याला काडीही का लागत नाही? कारण मला ठाऊक आहे, मी ते शिकवत असे. तरी नवल ओसरत नाही.

मालक येताना दिसले. व्हॉल्व्हच्या काळवंडलेल्या आट्यांच्या बाहेर कुंकवाचा लाल ओरखडा उरला होता. मी तो माझ्या रुमालाने पुसला. मालकांनी विचारले, "तेल आलं कुठून?"

"रघुनाथ डोक्याला काय लावतो, ते विचारा की," मी म्हणालो.

एवढेच. हे वाक्य खोटे तरी म्हणता येईल का? असल्या प्रश्नांत मी अनेक वर्षे रमलो. नोकरीची भीती मला नव्हती. मालक मला काढणार नव्हते. मग मी ते का बोललो? माणसे हसली, आणि मला हायसे वाटले — एवढे मात्र पक्के आठवते. हात बरा झाल्यावर रघुनाथला सिलिंडर भरायला पुन्हा कोणी उभे केले नाही. इतका सावध हात माझ्या विभागात दुसरा नव्हता. तो टेम्पोत सिलिंडर चढवू लागला, निवृत्त होईपर्यंत.

म्हणजे सर्वांच्या गोष्टी चूक, आणि खरी गोष्ट एकट्या माझ्यापाशी.

त्या लग्नातून निघताना रघुनाथची पत्नी भेटली. मी सहज म्हणालो, रघुनाथचे केस फार रुक्ष दिसतात. ती म्हणाली, "त्या दिवसापासून थेंब लावला नाही, अण्णा. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीलासुद्धा नाही. मी वाटी घेऊन उभी राहते, अन् ते तसेच अंगावर पाणी घेतात."