पाटात बसलेली काकू

काकू भांडते हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवाल्याशी, शाळेच्या मास्तरांशी, रस्त्यात बैलबंडी उभी करणाऱ्याशी. तिच्या घरावरून जाताना लोक आवाज कमी करत. काका मात्र लोण्यासारखा मऊ. आयुष्यात तो कुणाला नाही म्हणाला नाही आणि म्हणूनच गावानं त्याला पाणकर केलं होतं. पाऊस रुसला की तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचं आणि पाटाचं पाणी धानाच्या एकेका बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्याला, वाटून द्यायचं, हे पाणकराचं काम.

काकाच्या काळात त्याच्यावर कुणी रागावलं नाही. फक्त पाटाच्या शेवटच्या बांध्यांना पाणी कधी मिळालं नाही. वरचा माणूस 'थोडं आणखी' म्हणायचा, काका 'घ्या' म्हणायचा. सगळ्यात वर आमची बांधी, आणि सगळ्यात जास्त वेळा 'थोडं आणखी' म्हणणारे माझे बाबा, म्हणजे काकाचे थोरले भाऊ. मीही काकावरच गेलोय. साकोलीच्या आमच्या कार्यालयात ज्याला सुट्टी हवी असेल तो माझ्या टेबलाशी येतो आणि त्याच्या जागी मी बसतो. स्वभाव गोड असला की त्याचा भार दुसऱ्या कुणावर तरी पडतो, हे मला काकूनं शिकवलं.

काका गेला, तेव्हा काम कुणाला द्यायचं यावर गावात बरीच चर्चा झाली. शेवटी शेवटच्या बांध्यांवाले अडून बसले, म्हणून काकूला दिलं. पण एका सालापुरतंच. जमलं तर ठीक, नाही तर दुसरा पाहू. काकूला ते काम हवं होतं. नवऱ्याच्या हातून राहून गेलेलं तिला पुरं करायचं होतं, असं ती आईला म्हणाली होती.

त्याच साली गणपती उठले आणि पाऊस गेला. धान निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला आलेला. काकूनं जाहीर केलं, पाणी शेवटून सुरू होईल. म्हणजे आमची बारी सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी फावडा माझ्या हाती दिला आणि मला घेऊन पाटावर गेले. मी नाही म्हणालो नाही, हे सांगायला नकोच. आम्ही पाट फोडला, पाणी आमच्या बांधीत वळलं, आणि तलावाच्या पाळीवरून काकू येताना दिसली.

आता गंमत अशी की सगळ्या गावाशी भांडणारी काकू बाबांशी उभ्या आयुष्यात एक शब्द बोलली नव्हती. बाबा तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे जुन्या घरांतली सून भासऱ्याशी बोलत नाही, त्याच्या समोर येत नाही, आणि भासराही तिच्या सावलीपासून दूर राहतो. काकू दूरच थांबली. डोक्यावर पदर ओढून पाठ फिरवली आणि मला म्हणाली, "तुया बाबाले विचार, आपली बारी आली काय?"

"तुया काकूले सांग, माहा धान वाळून राहिला," बाबा मला म्हणाले.

"सगळ्याहीचाच वाळून राहिला म्हणा."

मी मध्ये उभा. दोघांनाही सगळं ऐकू येत होतं, तरी मी मान इकडून तिकडे फिरवत होतो. पदर तसाच धरून काकू पाठमोरी मागे मागे येत गेली. बाबा बाजूला सरकले. ती फोडलेल्या जागी आली आणि लुगड्यासकट चिखलात बसली. पाणी तिच्या पाठीशी तुंबलं आणि पुन्हा खाली वाहू लागलं. बाबांपासून दोन पावलांवर ती बसलेली, आणि त्यांना तिच्याजवळ जाता येईना. ज्या रीतीनं तिचं तोंड बंद केलं होतं, त्याच रीतीवर ती आरामात बसली होती. मला इतका आनंद झाला की मी तोंड फिरवून हसलो. बाबा घरी निघाले, आणि तिच्याजवळ मी चिखल लोटून फोडलेली जागा बुजवली.

आई म्हणाली, "गेलं तिचं काम." बाबांच्या शब्दाबाहेर गाव जात नसे.

पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं. आमच्यापर्यंतही आलं, उशिरा. एक कड करपली, बाकी धान पिकला.

मळणी झाल्यावर लोक देवळासमोर बसले. पाणकराचा विषय निघाला तसे सगळे बाबांकडे पाहू लागले. बायांमध्ये काकू पदर ओढून बसली होती. बाबा मला म्हणाले, "तुया काकूले सांग, पुढच्या सालीबी तिनंच पाहावं."

बायांमधून आवाज आला, "त्याहिले म्हणा, पुढच्या सालीबी पाणी शेवटूनच सुटन."

"ऐकलं म्हणून सांग," बाबा म्हणाले.