एसटीतून आलेला समुद्र

मी समुद्र पाहिलेला नाही. तरी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी सेमिनारला माझ्या वाट्याला तोच आला: समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, म्हणजे प्लवकांना, नायट्रोजन कुठून मिळतो. याआधी दोनदा मी वर्गापुढे उभी राहून, एक वाक्यही न बोलता खाली बसले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पुन्हा तसं झालं तर मला हे झेपत नाही, असं घरी सांगावं लागेल, ही भीती होती. वाटलं, हातात काहीतरी असावं. मग लोक त्याच्याकडे बघतील, माझ्याकडे नाही.

आमचं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी इतकं खारट की म्हशीही तोंड फिरवतात. मी बाबांना फोन करून तेच मागितलं. ते कॅन घेऊन अमरावतीला, राजापेठेतल्या माझ्या खोलीवर आले.

"कंडक्टर म्हणे, काय हाये याच्यात? म्या म्हटलं, समुद्र हाये. पोरीच्या कॉलेजात लागून राहिला."

"मग?"

"मंग काय, सीटखाली ठेवू देला. म्हणे, सांडू नोका."

त्यातलं थोडं पाणी मी एका बरणीत ओतलं आणि ती खिडकीत ठेवली. काही दिवसांत प्लवक वाढून पाणी हिरवं झालं, मग पिवळं पडत गेलं. नायट्रोजन संपला असावा.

"युरिया टाक ना चिमूटभर," बाबा फोनवर म्हणाले.

"समुद्रात कोण टाकतं, बाबा? तिथे बारीक जीव या वनस्पती खातात. त्यांच्या लघवीतून अमोनिया पाण्यात येतो, तो उरलेल्या वनस्पती घेतात. थोडा नायट्रोजन खोल पाण्यातून वर येतो. बाकी हेच फिरत राहतं."

मागून आईचा आवाज आला, "म्हंजे ज्यानं खाल्लं त्याच्याच मुतावर पुन्हा वाढते? मंग आपून युरियाच्या बॅगा कायले आनतो?"

यावर दोघांची जी जुंपली, त्यात फोन चालू आहे हे कुणालाच आठवलं नाही.

कॅनच्या तळाशी उरलेल्या पाण्यात पांढरे बारीक किडे वळवळत होते. मी ते बरणीत सोडले. आता चक्र सुरू होईल, असा माझा हिशोब.

सेमिनारच्या सकाळी पाणी नितळ होतं. किडे लठ्ठ झाले होते. हिरवं नावालाही नव्हतं. मी बरणी तशीच घेऊन गेले, कारण दुसरं काहीच नव्हतं.

सरांनी ती उजेडात धरली. "प्लवक कुठे आहेत?"

"सर, ते... ते सध्या यांच्या पोटात आहेत."

सगळा वर्ग खो खो हसला. पण वाक्य पूर्ण झालं होतं. वर्गापुढचं माझं पहिलं. म्हणून मी दुसरंही बोलून टाकलं, की आता या किड्यांनी लघवी करेपर्यंत आपल्याला थांबावं लागेल.

"किती टाइम लागते त्याईले?" मागच्या बाकावरून एक पोट्टा ओरडला.

मी त्यालाही उत्तर दिलं. मग अमोनिया सांगितला, खोल पाण्यातलं नायट्रेट सांगितलं, मेलेल्या पेशी कुजवणारे जीवाणू सांगितले. घंटा झाली. सर हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "बस आता."

"सर, हवेतल्या नायट्रोजनचं राहिलं," मी म्हटलं आणि उभीच राहिले.