भोरच्या पेठेतल्या सतरा पायऱ्या

गुडघ्याचं ऑपरेशन करून घे, म्हणून मी दोन वर्षं आईच्या मागे लागले होते. अखेर ती तयार झाली, पण अट घालून. भोरच्या पेठेतल्या ज्या दवाखान्यात माझा जन्म झाला, त्याचा जिना तिला आधी स्वतःच्या जुन्या गुडघ्यांनी चढायचा होता. आई शहात्तर वर्षांची आहे आणि तिच्या हट्टापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही.

आमच्या मार्गासनीहून वडाप जीपने नसरापूर, पुढे फाट्यावरून भोरची एसटी. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे आईला तिकीट नाही, मला अर्धं. स्टँडजवळ मिसळ खाऊन घ्या, पण तर्री वेगळी मागा. माझे डोळे पाणावले ते जन्मगावाच्या ओढीने नव्हे.

पेठेत शिरल्यावर दगडी कमानीचा जुना दवाखाना कुठे, म्हणून विचारत सुटलो. कॉलेजातली मुलगी म्हणाली, तिथे तर साड्यांचं दुकान आहे. रसवंतीवाले काका त्याला शिवणक्लास म्हणत होते, आणि चपला शिवणारे आजोबा संस्थानची जकात कचेरी. इमारत एकच, ज्याने त्याने आपल्या काळातलं नाव धरून ठेवलेलं. आत सागवानी खांबांना लागून झगझगीत शालू टांगले होते.

दुकानदार भला माणूस. जिना बंद केलाय, पुढच्या आठवड्यात काढून लिफ्ट बसवणार, आजींना साड्या खालीच दाखवतो, म्हणाला. मी निघायला वळले. आई जागची हलली नाही.

"साड्या न्हाई बघायच्या मला. कळा येत व्हत्या तवा ह्योच जिना म्या एकटी चढले. धरायला कोन न्हवतं. आज बी कुनी धरू नका."

दुकानदाराने पायऱ्यांवरचे खोके स्वतः उचलले. आई एकेक पायरी चढत गेली. नवव्या पायरीवर टेकली, घाम पुसला, पुन्हा उठली. मी मागे हात पसरून उभी, तर मलाच दटावलं. मी मोजल्या, सतरा पायऱ्या. वर खिडकीखाली नवरीचे शालू दाखवायची गादी होती. खाट हितंच व्हती, म्हणत आई तिथेच बसली आणि बराच वेळ गादीवरून हात फिरवत राहिली. मला रडू आलं, लपवत नाही.

उतरताना मात्र तिने आपणहून माझा हात धरला. तो तिने पार मार्गासनीला पोचेपर्यंत सोडला नाही.

जिना आता निघाला असेल. परवा पुण्यात डॉक्टरांनी आईला विचारलं, जिना चढता येतो का?

"चढते की," आई म्हणाली. "उतराया लेक हाय."