उसवायची शिवण

पाणथळीजवळच्या गल्लीत एका शिंपीणबाईंचं दुकान होतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. त्यांनी शिवलेलं दप्तर थोरल्याचं वापरून झालं तरी धाकट्याला पुरायचं, आणि ही गोष्ट त्या गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय सोडत नसत. मूलबाळ नव्हतं. यजमान वॉचमनच्या नोकरीतून निवृत्त झालेले, दिवसभर दुकानातच बसून असायचे.

एकदा पक्ष्यांवर संशोधन करणारी तरुणी दुकानात आली. थंडी सरली की पाणथळीतले लांब, वाकड्या चोचीचे पक्षी दूरदेशी निघून जात. ते कुठून कसे जातात हे कळावं म्हणून त्यातल्या एकाच्या पाठीवर तिला छोटंसं यंत्र बसवायचं होतं. त्याच्या मांड्यांभोवती बसतील अशा दोन मऊ पट्ट्या हव्या होत्या. मात्र एका जागी शिवण साध्या सुती दोऱ्याची, कच्ची ठेवायची. काही महिन्यांनी दोरा झिजून यंत्र आपोआप गळून पडायला हवं होतं.

बाईंचा चेहरा उतरला. "उसवेल अशी शिवण मी आजवर घातलेली नाही."

"मावशी, मग त्याने ते ओझं जन्मभर वाहायचं का?"

बाईंनी कात्री उचलली.

मोज्यात चिंध्या भरून मापाचा पक्षी तयार झाला. यजमान तो दोन्ही हातांत इतका जपून धरत, की बाईंना हसू आवरेना. पट्टी घट्ट झाली तर पिसं घासणार, सैल झाली तर पाय अडकणार. कितीदा तरी उसवल्यावर मनासारखं जमलं.

यंत्र पाठीवर घेऊन पक्षी दूरदेशी निघाला. तो कुठवर पोचला ते तरुणी अधूनमधून फोनवर कळवायची. समुद्रावरून तो कुठेही न टेकता उडतोय हे ऐकलं, त्या दिवशी यजमान भरल्या ताटावरून उठले. "झोपत कधी असेल गं तो?" असं ते विचारत राहिले.

मग यंत्र गप्प झालं. तरुणीने आडपडदा न ठेवता सांगितलं: दोरा तुटला असेल, नाहीतर पक्षी गेला असेल, इथे बसून कळायला मार्ग नाही. आपण घातलेली शिवण उसवलेली असू दे, असं बाई आयुष्यात पहिल्यांदाच मनोमन विनवत होत्या.

पुढच्या थंडीत पक्षी परतू लागले. एका सकाळी तरुणीने दोघांना पाणथळीवर बोलावून घेतलं आणि बाईंच्या हातात दुर्बीण दिली. चिखलात चोच खुपसून तो उभा होता. पायात तरुणीने ओळखीसाठी घातलेलं निळं कडं, पाठ मोकळी. बाईंनी आधी मांड्यांजवळची पिसं निरखली. कुठे घासल्याची खूण नव्हती.

"अहो, उसवली," त्या हळूच म्हणाल्या आणि दुर्बीण यजमानांकडे दिली.

त्यांना बराच वेळ काही दिसेना. डोळे पुसायचे राहिले होते. पक्ष्याने मात्र कुणाची दखल घेतली नाही. भरतीचं पाणी चढू लागलं तसा तो उडून पलीकडच्या काठावर गेला. दोघं तरीही तिथेच उभी होती.